मंगा शिकवायची तर पान शिकवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत शाळकरी मुलांसाठी ‘मंगा ड्रॉइंग’चे, म्हणजे जपानी चित्रकथांच्या शैलीतील चित्रे शिकवणारे, वर्ग आता जागोजागी दिसू लागले आहेत आणि सुट्टीतल्या शिबिरांत तर या विषयाला मुलांची पहिली पसंती असते. मी शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुले बसवली आणि निवृत्तीनंतरही मुले आपल्या वह्या दाखवायला येतात, म्हणून या नव्या ओढीचे मला मनापासून स्वागत करावेसे वाटते. मात्र या वर्गांतून येणाऱ्या वह्यांत पानोपानी एकच चेहरा असतो. अर्धा चेहरा व्यापणारे डोळे, त्यांत दोन पांढरे ठिपके, टोकदार हनुवटी आणि वाऱ्यावर उडणारे केस. हात तयार असतो, रेघ स्वच्छ असते, पण तो चेहरा कोणाचा, तो कोणाकडे पाहतो आहे आणि पुढच्या क्षणी काय होणार आहे, याचा वहीत कुठेच पत्ता नसतो. मंगा ही चेहरा काढण्याची एक तऱ्हा आहे, असा समज करून देऊन आपण मुलांना या कलेच्या उंबरठ्यावरूनच परत पाठवत आहोत. तिची खरी किमया पानाच्या मांडणीत आहे, आणि ती मांडणी कोणत्या परिस्थितीतून घडली हे शिकवणाऱ्याला ठाऊक असल्याशिवाय ती मुलांपर्यंत पोहोचणार नाही, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

डोळ्यांपासूनच सुरुवात करतो, कारण पालकांचा पहिला प्रश्न त्याविषयीच असतो. जपानी मुलींच्या मासिकांत जुन्इची नाकाहारा यांनी १९३०च्या दशकात रंगवलेल्या मुलींचे डोळे असेच मोठे, ओलसर आणि उदास होते. पुढे ज्यांनी जपानी चित्रकथेचे रूप पालटले त्या ओसामू तेझुका (१९२८-१९८९) यांच्यावर डिस्ने आणि फ्लायशर बंधू यांच्या चलच्चित्रांचा खोल संस्कार होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. त्यांचे बालपण ताकाराझुका या गावी गेले. तिथे सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात अशी एक संगीत नाटकमंडळी १९१४पासून प्रयोग करीत आली आहे. दिव्यांच्या झगमगाटात, रंगवलेल्या पापण्यांखाली चमकणाऱ्या तिथल्या नटींच्या डोळ्यांची छाया तेझुकांच्या ‘रिबन नो किशी’ या १९५३ साली सुरू झालेल्या कथेत दिसते. तिची नायिका मुलगा म्हणून वाढवली गेलेली राजकन्या आहे. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला ही गोष्ट उलट्या बाजूने ओळखीची वाटावी. डोळा मोठा असला की मोजक्या रेषांत भाव पोहोचतो, एवढा त्याचा व्यावहारिक उपयोग. कात्सुहिरो ओतोमो यांच्या १९८२ साली सुरू झालेल्या ‘अकिरा’मधील माणसांचे डोळे साधे, आशियाई माणसाचे असतात तसेच आहेत, आणि तरीही ती कथा पहिल्या पानापासून अस्सल मंगा आहे. तेव्हा डोळ्यांवरून मंगा ओळखणे हे पगडीवरून माणूस ओळखण्यासारखे झाले.

मंगाचा इतिहास सांगताना क्योटोच्या कोझान-जी मंदिरातील बाराव्या-तेराव्या शतकातील चित्रगुंडाळ्यांचा उल्लेख हमखास होतो. कागदाच्या लांबलचक गुंडाळ्यांवर शाईने काढलेले बेडूक, ससे आणि माकडे त्यांत माणसांसारखी वागतात. बेडूक सशाला कुस्तीत उताणा पाडतो. त्यांत एक अक्षरही नाही. गुंडाळी हातांनी थोडी थोडी उलगडत उजवीकडून डावीकडे पाहायची असल्यामुळे काळ पुढे सरकल्याचा अनुभव पाहणाऱ्याच्या हालचालीतूनच येतो. होकुसाई यांची ‘मंगा’ याच नावाची चित्रपुस्तके १८१४पासून निघू लागली आणि त्यांचे एकूण पंधरा खंड झाले, पण ती माणसे, प्राणी, वनस्पती, लाटा, पैलवान यांच्या अभ्यासचित्रांची पुस्तके आहेत. त्यांत कथा नाही. या जुन्या वैभवापासून आजच्या मंगापर्यंत एक सरळ रेघ ओढण्याचा मोह अनेकांना होतो. मला ती रेघ ओढून ताणून आणलेली वाटते. उजवीकडून डावीकडे वाचणे, शाईच्या रेषेवरचा विश्वास आणि चित्र व मजकूर एकाच कागदावर नांदवण्याची सवय हा वारसा खरा आहे, परंतु आजच्या मंगाचे दुसरे आजोळ वृत्तपत्रात आहे, आणि वृत्तपत्राला लिहिताना ते सांगितलेच पाहिजे.

योकोहामा बंदरात राहणाऱ्या चार्ल्स वर्गमन या इंग्रज चित्रकाराने १८६२मध्ये ‘जपान पंच’ हे व्यंगचित्रांचे नियतकालिक सुरू केले. त्यानंतर राकुतेन किताझावा यांनी १९०२पासून ‘जिजी शिम्पो’ या दैनिकाच्या रविवार पुरवणीत चौकटींच्या चित्रकथा देण्यास सुरुवात केली आणि १९०५मध्ये ‘टोकियो पक’ हे रंगीत नियतकालिक काढले. १९३१ साली सुइहो तागावा यांचा ‘नोराकुरो’ हा सैन्यात भरती झालेला काळा कुत्रा मुलांच्या मासिकातून घरोघर पोहोचला. महायुद्ध संपल्यानंतर, १९४६ साली, माचिको हासेगावा यांनी एका स्थानिक वृत्तपत्रात ‘साझाए-सान’ ही उभ्या चार चौकटींची मालिका सुरू केली. पुढे ती ‘असाही शिम्बुन’ या मोठ्या दैनिकात गेली आणि १९७४पर्यंत चालली. एका स्त्रीने काढलेली, रेशनच्या रांगा, सासर-माहेर आणि बाजारहाट यांत रमलेली ही मालिका म्हणजे युद्धोत्तर जपानच्या गृहजीवनाची रोजनिशीच आहे. आपल्याकडे १९९१पासून ‘चिंटू’ने मराठी घरात असेच स्थान मिळवले, हे वाचकांना आठवत असेल.

त्याच सुमारास गल्लीबोळांत कामिशिबाई नावाचा खेळ चालत असे. सायकलवर लाकडी चौकट लावलेला कथेकरी यायचा, मुलांना गोळ्या-मिठाई विकायचा आणि चौकटीतील चित्रे एकामागून एक सरकवत गोष्ट सांगायचा. नेमक्या चढावर चित्र थांबवायचे आणि उरलेली गोष्ट उद्यावर ढकलायची, हे त्याचे कसब होते. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे मर्म वेगळे समजावून सांगायला नको. तिथेही पोथीतले एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील आख्यान गायले जाते. शिगेरु मिझुकी आणि सानपेई शिरातो हे पुढचे दोन मोठे मंगाकार कामिशिबाईची चित्रे रंगवूनच या क्षेत्रात आले. मिझुकींनी युद्धात डावा हात गमावला होता आणि उरलेल्या एका हाताने त्यांनी जपानी लोककथांतील भुतांचा अवघा परिवार कागदावर उतरवला.

आता तेझुकांकडे वळतो. युद्धानंतर ओसाकामध्ये खरखरीत कागदावर छापलेली, भडक लाल मुखपृष्ठांची स्वस्त पुस्तके खेळण्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांतून विकली जात. वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या तेझुकांनी शिचिमा साकाई यांच्या कथानकावरून काढलेले ‘शिन ताकाराजिमा’ हे पुस्तक १९४७ साली अशाच स्वरूपात निघाले आणि त्याच्या चार लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. त्याच्या सुरुवातीला एक मुलगा उघड्या मोटारीतून बंदराकडे सुसाट निघाला आहे. त्याआधीच्या बहुतेक चित्रकथांत पात्रे रंगमंचावर उभी असल्यासारखी, डोक्यापासून पायापर्यंत आणि सारख्याच अंतरावरून दिसत. तुरळक वेगळे प्रयोग झाले होते, पण रीत तीच होती. इथे मात्र मोटार कधी दूर, कधी अंगावर येणारी, कधी मुलाचा चेहरा जवळून, असे कॅमेऱ्यासारखे कोन बदलत जातात आणि कथेच्या दृष्टीने एका वाक्यात उरकता आला असता असा प्रवास पाने व्यापून बसतो. त्या पिढीच्या मुलांनी हे पुस्तक वाचून चित्रकार व्हायचे ठरवले. पुढे ‘डोरेमॉन’ निर्माण करणारी जोडी त्यांतलीच. त्या मुलांना डोळ्यांच्या आकाराने वेड लावले नव्हते. कागदावर वेग दाखवता येतो, एवढेच नव्हे तर तो लांबवता आणि थांबवताही येतो, या शोधाने त्यांना झपाटले होते.

मंगा शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा शोध मुलांना उलगडून दाखवायला हवा. चौकट रुंद केली की वाचकाची नजर तिच्यावर अधिक रेंगाळते, म्हणजे क्षण लांबतो. अरुंद चौकटी तिरप्या कापून ओळीने लावल्या की श्वास जलद होतो. धावणारे पात्र स्पष्ट ठेवून मागचे जग रेषांत विरघळवले की वाचक त्या पात्राबरोबर धावू लागतो. पात्र विरघळवून मागचे जग स्पष्ट ठेवले तर तोच वाचक रस्त्याच्या कडेला उभा राहून धावणाऱ्याला पाहतो. एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषा काढल्या की त्या बिंदूवर काय आहे ते पाहण्यावाचून वाचकाला गत्यंतर उरत नाही. पान उलटल्यावर दिसणारी पहिली चौकट सर्वांत मोलाची, म्हणून कुशल मंगाकार आधीच्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न ठेवतो आणि उत्तर पानामागे दडवतो. या सर्व गोष्टींचा आराखडा अंतिम चित्राच्या आधी कच्च्या रेघांत, काडीच्या माणसांनी, पानामागून पान असा तयार होतो आणि संपादक-चित्रकार यांची खरी चर्चा त्या कच्च्या आराखड्यावरच होते. सुबक चेहरा हे त्यानंतरचे काम आहे.

शांततेचे चित्रण हा तर मंगाचा विशेष अभिमानाचा भाग. घटना थांबते आणि तीन-चार चौकटींत केवळ छपरावरून ओघळणारे पाणी, विजेच्या तारा, चुलीवरची किटली, रिकामा जिना दिसतो. कोणी बोलत नाही, कथा पुढे सरकत नाही, पण त्या जागेचा वास वाचकाला येऊ लागतो. अमेरिकी चित्रकथांत अशा चौकटी पूर्वी फारच क्वचित आढळत, आणि मंगाकारांना त्या परवडल्या याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. त्यांना शेकडो, प्रसंगी हजारो पाने मिळत असत. आवाजांचेही असेच आहे. मंगात आवाज संवादाच्या फुग्यात बंद करून ठेवत नाहीत. तो चित्राचाच भाग म्हणून पानभर पसरतो, तडकतो, झिरपतो, आणि निःशब्दतेलाही लिहून दाखवण्याची तिथे रीत आहे. खळखळ, सळसळ, टपटप, कडाड, धाडकन अशा शब्दांनी समृद्ध असलेल्या मराठीत हे किती सुंदर होऊ शकेल! शिरोरेखा वाकवली, तोडली, थेंबांसारखी ओघळू दिली की देवनागरी अक्षर स्वतःच चित्र होते. रेखाकला परीक्षेत अक्षरलेखन हा विषय आहेच. तो मुलांना रुक्ष वाटतो, ही माझी जुनी खंत आहे. वादळाचा आवाज देवनागरीत रंगवायला दिला, तर त्यांची तक्रार राहणार नाही.

मंगा काळी-पांढरी का, असेही पालक विचारतात. १९५९ साली १७ मार्च या एकाच दिवशी ‘शोनेन मॅगझीन’ आणि ‘शोनेन संडे’ ही दोन मुलांची साप्ताहिके बाजारात आली. १९६८मध्ये ‘शोनेन जम्प’ आले आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास त्याच्या एका अंकाच्या ६५ लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या. जाडजूड अंक, हलका कागद, एका शाईची छपाई आणि मुलाच्या खाऊच्या पैशांत बसेल अशी किंमत, हे गणित असल्यामुळे रंग बाजूला राहिला आणि सगळा भार रेषेवर आला. दाब दिला की जाड आणि सैल सोडला की केसासारखी बारीक रेघ देणारे जी-पेनचे पाते, राखाडी छटांसाठी ठिपक्यांचे चिकट कागद कापून लावण्याची पद्धत, आठवड्याला वीसेक पाने पुरी करण्यासाठी पार्श्वभूमी काढणारे मदतनीस, आणि कोणती कथा आवडली हे कळवणारी वाचकांची पोस्टकार्डे, अशी ती यंत्रणा होती. आज बहुतेक काम टॅब्लेटवर होते. या साप्ताहिकांच्या यंत्रणेत चित्रकाराचा जीव मेटाकुटीला येतो, हेही नमूद केले पाहिजे. आठवड्याची मुदत पाळताना अनेकांच्या प्रकृतीची हेळसांड झाली आहे.

मुलींसाठीच्या मंगाचा उल्लेख आपल्याकडे फार कमी होतो. पानाच्या मांडणीचा सर्वांत धाडसी विचार मात्र तिथेच झाला. १९४९च्या आसपास जन्मलेल्या मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा आदी स्त्री-चित्रकारांनी १९७०च्या दशकात चौकटीच्या भिंतीच पाडल्या. मनातले बोलणे फुग्याबाहेर, कोऱ्या जागेत तरंगू लागले. एकच आकृती तीन चौकटींवरून उभी राहू लागली. पाकळ्या, पिसे आणि प्रकाश यांनी पार्श्वभूमीची जागा घेतली, कारण पात्र कुठे उभे आहे यापेक्षा त्याला काय वाटते आहे हे त्यांना महत्त्वाचे होते. रियोको इकेदा यांनी ‘बेरुसाय्यु नो बारा’मध्ये (१९७२-७३) फ्रेंच राज्यक्रांतीसारखा विषय शाळकरी मुलींपुढे ठेवला आणि मुलींनी तो उचलून धरला. मोठ्या डोळ्यांची नक्कल करणाऱ्या आमच्या मुलींना ते डोळे घडवणाऱ्या या स्त्रियांची नावेही माहीत नसावीत, याचे मला फार वाईट वाटते.

मंगा हिंसक आणि अश्लील असते, ही तक्रार मी टाळणार नाही. काही मंगा तशी असते आणि ती प्रौढांसाठी असते. १९५७च्या सुमारास योशिहिरो तात्सुमी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतील तरुण कामगार वाचकांसाठी गंभीर, काळोख्या कथा सुरू केल्या. १९६४मध्ये ‘गारो’ हे मासिक निघाले ते मुख्यतः शिरातो यांची ‘कामुई-देन’ छापण्यासाठी. तिचा नायक जन्माने बहिष्कृत ठरवलेल्या वस्तीतला आहे. आपल्याकडे दलित साहित्याचा आवाज उमटत होता त्याच दशकात जपानी विद्यार्थी ही चित्रकथा वाचत होते. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि वडील व भावंडे गेली. त्या अनुभवावर त्यांनी १९७३पासून ‘हादाशी नो गेन’ काढली आणि ती मुलांच्या साप्ताहिकातच सुरू झाली. डिसेंबर २०१२मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने तिच्यातील दृश्ये भीषण असल्याचे सांगून शालेय ग्रंथालयांतील तिच्या प्रती मुलांना सहज मिळू नयेत अशी व्यवस्था करायला लावली. त्यावर देशभर टीका झाली आणि ऑगस्ट २०१३मध्ये ती सूचना मागे घेण्यात आली. जपानमध्येही हा वाद आहे, पण तो ‘मंगा हवी की नको’ असा नाही. कोणत्या वयाला काय द्यायचे, असा आहे. ‘डोरेमॉन’ची सुरुवातच मुळी इयत्तावार मासिकांतून झाली आणि प्रत्येक वयाच्या मुलांसाठी वेगळी गोष्ट काढली जात असे. ही काळजी आपल्या पुस्तकविक्रेत्यांनी आणि पालकांनीही घ्यावी. मुखपृष्ठावर गोड चेहरा दिसला म्हणून आठ वर्षांच्या मुलाच्या हाती सतरा वर्षांच्या वाचकाचे पुस्तक देऊ नये.

वर्ग चालवणाऱ्या माझ्या तरुण सहव्यावसायिकांना विनंती आहे की, पहिले काही आठवडे चेहरा काढूच देऊ नका. आठ रिकाम्या चौकटी आखून द्या आणि ‘पावसात ठाणे स्थानकाचा पूल’ हा विषय द्या; शब्द नकोत, पात्रे काडीची चालतील. कोणती चौकट मोठी करायची, छत्र्यांची गर्दी वरून दाखवायची की गुडघ्यांच्या उंचीवरून, गाडी सुटल्याचे कोणत्या चौकटीत कळवायचे, हे मुलांना ठरवू द्या. उपवन तलावाची संध्याकाळ, येऊरच्या पायथ्याचा पाऊस, तलावपाळीवरची गर्दी, असे विषय स्मरणचित्रासाठी आपण देतच आलो आहोत. तेच विषय एका मोठ्या चित्राऐवजी चौकटींत मांडले की मुलाला स्मरणाबरोबर निवडही करावी लागते. जपानी शाळेचा गणवेश आणि चेरीचा बहर त्याने पुढे हवा तर काढावा, पण आपला गणवेश, आपला जिना आणि आपली आजी त्याला आधी काढता आली पाहिजे.

ठाण्यातील ग्रंथालयांनी यात पुढाकार घ्यावा. १८९३पासून मराठी ग्रंथांचा संग्रह करणारी संस्था ज्या शहरात आहे, तिथे चित्रकथांसाठी वयोगटानुसार लावलेले एक कपाट सहज शोभेल. क्योटो शहराने बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेच्या इमारतीत २००६ साली मंगाचे संग्रहालय उभे केले आणि तिथे लोक हिरवळीवर पडून ती पुस्तके वाचतात. आपल्याकडे एवढे नको, पण तेझुकांची ‘बुद्ध’ ही कपिलवस्तूची कथा (१९७२-८३) मोठ्या मुलांना वाचायला मिळावी, असे मला फार वाटते. एका जपानी चित्रकाराने आपल्या मातीतला विषय घेऊन दहा-अकरा वर्षे काय केले, ते आपल्या मुलांनी पाहायला हवे.

आणि एक मागणे आपल्याकडे, संपादक महोदय. मंगा वृत्तपत्राच्या पुरवणीत वाढली, हे वर लिहिलेच आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांनी मराठीत रचलेल्या चार चौकटींच्या कथेसाठी एक उभी पट्टी राखून ठेवावी. चित्र सुबक असण्याची अट नको. चार चौकटींत काहीतरी घडले पाहिजे, एवढीच अट असावी. निवडीच्या कामात वेळ द्यायला मी आणि या शहरातील काही कलाशिक्षक तयार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)